हायड्रो, वॅक्स, गमी, म्हणजे गांजाचे नवे प्रकार: घरात कोणी घेत असेल तर अंगात आणि डोक्यात काय होतं, आणि त्या वेळी काय करायचं

ऐरोलीत माझं मेडिकल स्टोअर आहे आणि काउंटरवर बसून काही गोष्टी घरच्यांच्या आधी दिसतात. डोळ्यांची लाली घालवायचे ड्रॉप्स सारखे नेणारा विशीतला पोरगा, तीच उलटीची गोळी पुन्हा पुन्हा मागणारी आई, "झोपच येत नाही हो, काहीतरी द्या ना" म्हणणारा आयटी पार्कमधला. दरवेळी मागे गांजाच असतो असं अजिबात नाही, पण असतो तेव्हा घरचे सगळ्यात शेवटी विचारतात, आणि विचारतात तेव्हा एकतर खूप घाबरलेले असतात नाहीतर "गांजाच आहे ना, ड्रग्ज थोडीच आहेत" म्हणून एकदम निवांत. दोन्हीने काम बिघडतं. म्हणून आईबाप, मोठी भावंडं, रूमवर एकत्र राहणारी पोरं या सगळ्यांसाठी एकदा सविस्तर लिहितोय. जो स्वतः घेतो त्यानेही वाचा, मी इथे कोणाला चरसी वगैरे म्हणणार नाहीये.

पहिले हे डोक्यात बसवा: माल बदललाय

"आमच्या वेळी पण कॉलेजात पोरं चिलीम ओढायची, काही झालं नाही कोणाला," हे कित्येक बाबा सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात, फक्त ते ज्या गांजाबद्दल बोलतायत तो आता पोरांच्या हातात नाहीये. गांजात नशा आणणारा मुख्य पदार्थ म्हणजे टीएचसी. अमेरिकेत पकडलेला माल तपासायचं काम मिसिसिपी विद्यापीठात वर्षानुवर्षं चालू आहे, त्यात १९९५ च्या सुमाराला सरासरी टीएचसी ४ टक्क्यांच्या आसपास निघायचं, २०१४ पर्यंत ते १२ च्या आसपास गेलं. आता तिकडच्या दुकानांत २० टक्क्यांच्या वरची फुलं सर्रास मिळतात, आणि वॅक्स, शॅटर, डॅब असले जे अर्क निघालेत ते ६० ते ९० टक्के. वर त्याच झाडातलं सीबीडी, जे टीएचसीचा जोर थोडाफार सांभाळून घेतं असं मानतात, ते या नव्या जातींमध्ये जवळपास उरलेलंच नाही.

हे सगळं अमेरिकेतलं, आपला काय संबंध असं म्हणू नका. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजावरची बंदी उठवली आणि त्यानंतर बँकॉकच्या विमानाने आलेला हायड्रोपोनिक (मातीशिवाय, पाण्यात वाढवलेला) गांजा मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या इतक्या येतात की आता कोणी पेपरात पूर्ण वाचतही नाही. जानेवारी २०२५ मध्ये तर एनसीबीने (केंद्राचा अमली पदार्थविरोधी विभाग) नवी मुंबईतच कोकेनबरोबर हायड्रो गांजा आणि गांजाच्या गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) पकडल्या. म्हणजे पोरं ज्याला "हायड्रो" किंवा "ओजी" म्हणतात ते आपल्या खाडीच्या दोन्ही बाजूंना येतंय.

आता साधं गणित बघा. एका जॉइंटमध्ये समजा ३०० मिलिग्रॅम गांजा भरला. ४ टक्केवाला असेल तर त्यात टीएचसी १२ मिलिग्रॅम. २० टक्केवाला असेल तर ६० मिलिग्रॅम. जॉइंट तेवढाच दिसतो, वासही साधारण तोच. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२१ पासून टीएचसीचं एक प्रमाणित युनिट ५ मिलिग्रॅम धरलंय, तर हिशोब तुम्हीच करा. ओढलेलं सगळं रक्तात जात नाही, बरंचसं धुरात आणि जळण्यात जातं, तरी फरक पाचपटीचा तो पाचपटीचाच राहतो. बिअरच्या ग्लासात कोणी काठोकाठ व्हिस्की भरून दिली आणि पिणारा बिअरच समजून प्यायला तर जे होईल ते इथे होतं.

डोक्यात नक्की काय होतं

आपल्या मेंदूत सीबी१ नावाचे रिसेप्टर (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागा) आहेत, १९८८ मध्ये त्यांचा पत्ता लागला, आणि शरीर स्वतःच बनवत असलेले काही पदार्थ (आनंदमाइड त्यातलं एक, १९९२ मध्ये सापडलं) त्यांच्यावर बसून पेशींमधलं बोलणं कमीजास्त करतात. थोडा वेळ, जिथे गरज आहे तिथेच. टीएचसी येतं ते सगळीकडे एकदम बसतं आणि बराच वेळ उठत नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये बसलं की नवीन आठवण पक्की होत नाही, म्हणून पोरगं वाक्य अर्ध्यात विसरतं. अमिग्डालामध्ये, म्हणजे भीतीच्या केंद्रात, थोडं टीएचसी मन शांत करतं आणि जास्त झालं की बरोबर उलटं होतं, भीती आणि संशय वाढतो. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा कारण "रिलॅक्स व्हायला घेतो" म्हणणाऱ्यालाच हायड्रोवर पॅनिक अटॅक का येतो त्याचं उत्तर यात आहे. वेळेचा अंदाज चुकतो, तोल जातो, रिॲक्शन हळू होते.

श्वास चालवणारा जो मेंदूचा खालचा भाग आहे तिथे हे रिसेप्टर खूप कमी असतात, म्हणून मोठ्या माणसाचा गांजाने हेरॉइनसारखा श्वास थांबत नाही. हे खरं आहे आणि पोरं हेच सांगत फिरतात, पण श्वास थांबत नाही म्हणजे बाकी काही होत नाही असा अर्थ निघत नाही.

रोज घेणाऱ्याच्या मेंदूत हे रिसेप्टर कमी होत जातात. आधी दोन पफमध्ये जे व्हायचं त्याला आता अख्खा जॉइंट लागतो, आणि न घेता जेवण, झोप, मजा काहीच धड वाटत नाही. चांगली गोष्ट अशी की बंद केलं की दोन दिवसांतच ते परत यायला सुरुवात होते आणि साधारण चार आठवड्यांत बहुतेक भरून निघतात, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलंय. सोडायचा विचार करणाऱ्याला मी हे आवर्जून सांगतो, कारण "माझं डोकं आता कायमचं गेलं" या भीतीनेच कित्येक जण प्रयत्न करत नाहीत.

मात्र वयाचा मुद्दा गंभीर आहे. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे आवर घालणं, पुढचा विचार करणं, हे सगळं पंचविशीपर्यंत घडत असतं. दहावी-अकरावीत सुरू केलेल्याचं आणि तिशीत सुरू केलेल्याचं नुकसान सारखं नसतं. सवय लागण्याचंही तसंच, जुना अंदाज असा की एकूण घेणाऱ्यांत ९ टक्क्यांच्या आसपास लोक त्यात अडकतात, किशोरवयात सुरू करणाऱ्यांत तोच आकडा १७ च्या आसपास जातो. आणि हे अंदाज आजच्या हायड्रोच्या आधीचे आहेत.

अंगावर

ओढल्यावर काही मिनिटांत हृदयाचे ठोके मिनिटाला २० ते ५० ने वाढतात. उभं राहिलं की बीपी पडतं, म्हणून चक्कर. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून लाल डोळे. विशीतल्या धडधाकट पोराचं हृदय हे झेलतं, पण घरात कमी वयात हार्ट अटॅकचा इतिहास असेल, स्वतःला बीपी किंवा झडपेचा त्रास असेल तर त्या पहिल्या तासात धोका खरोखर वाढतो. रोजच्या धुराने खोकला आणि कफ होतोच, त्यात आपल्याकडे बहुतेक जण सिगरेटची तंबाखू मिसळून भरतात, म्हणजे निकोटीनची सवय वेगळी लागते आणि ती कोणी मोजतच नाही. व्हेप पेनमधलं तेल तर घेऊच नका, २०१९ मध्ये अमेरिकेत टीएचसीच्या व्हेपमधल्या भेसळीने फुप्फुसं खराब होऊन २,८०० च्या वर लोक हॉस्पिटलात गेले आणि ६८ मेले. गरोदरपणात बाळाचं वजन कमी भरतं, पुरुषांत शुक्राणू कमी होतात.

जास्त झालं असेल तर त्या रात्री काय करायचं

समजा शनिवारी रात्री अकराला रूममेट थरथरतोय, "मी मरतोय, हार्ट अटॅक आलाय" म्हणतोय. आधी विचारा: काय घेतलं, ओढलं की खाल्लं, किती वाजता, सोबत दारू किंवा कसली गोळी होती का. ओरडून विचारलंत तर खोटं सांगेल, "मी कोणाला सांगत नाहीये, फक्त मला कळलं पाहिजे" एवढं म्हटलं की बहुतेक वेळा खरं सांगतात. वेळ मोबाईलवर लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. ओढलेलं अर्ध्या तासात चढतं आणि दोन ते चार तासांत उतरतं. खाल्लेलं अर्धा तास ते दोन तास काहीच दाखवत नाही, आणि इथेच घोळ होतो, "काही झालंच नाही" म्हणून दुसरी गमी खाल्ली जाते, मग दोन्ही एकदम चढतात. पोटातून गेलेलं टीएचसी लिव्हरमध्ये आणखी जोरदार रूपात बदलतं, ते सहा ते आठ तास किंवा जास्तही राहतं. म्हणजे गमी खाल्लेल्याबरोबर रात्रभर कोणीतरी जागं राहायचंय हे धरूनच चला.

मग गर्दी बाहेर काढा, लाइट कमी, पंखा चालू, त्याला भिंतीला टेकून बसवा. चक्कर असेल तर आडवं करून पाय उशीवर. एकदम उभं करू नका. घोट घोट पाणी, काहीतरी गोड बिस्कीट. एकच माणूस बोलू दे आणि तेच तेच बोलू दे: "जास्त झालंय, उतरणार आहे, मी इथेच आहे." पुन्हा पुन्हा सांगावं लागतं कारण तो दोन मिनिटांत विसरतो. श्वास लांब सोडायला लावा. मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा, आकडा सांगितला की कित्येकांना धीर येतो. ग्लानी येऊन झोपत असेल तर कुशीवर झोपवा, पाठीवर नको, उलटी झाली तर घशात जाते.

काय करू नका ते पण ऐका. थंड पाण्याखाली उभं करू नका, पडतो. कॉफी नको, ठोके आणखी वाढतात. बोटं घालून उलटी काढू नका. लिंबू, ताक, लोणचं यांनी नशा उतरते हा समज जुना आहे, पूर्ण शुद्धीत असेल तर लिंबूपाणी प्यायला हरकत नाही पण त्याने टीएचसी कुठे जात नाही, त्यासाठी वेळच लागतो. आणि घरात कोणाची झोपेची गोळी पडली असेल ती तर अजिबात देऊ नका, दारू प्यायलेली असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण मग ग्लानी कशामुळे आली आणि किती खोल जाणार हेच कळत नाही. आमच्याकडे रात्री फोन येतात, "एक अल्प्राझोलाम देऊ का अर्धी", उत्तर नाही असंच आहे.

हॉस्पिटल कधी? छातीत दुखतंय, फिट आली, हलवून पण जागा होत नाही, श्वास विचित्र चाललाय, शांत बसून अर्धा तास झाला तरी ठोके १३०-१४० च्या खाली येत नाहीत, उलट्या थांबतच नाहीत, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला निघालाय, यातलं एकही असेल तर १०८ ला फोन करा किंवा रिक्षात घालून निघा. ठाण्याकडचे असाल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल, नवी मुंबईत वाशीचं महापालिकेचं हॉस्पिटल. आणि डॉक्टरला "काहीतरी खाल्लं बाहेरचं" असं मोघम सांगू नका. गांजा, गमी, एवढ्या वाजता, सरळ सांगा, नाहीतर सीटी स्कॅनपासून सुरुवात करून तासन्तास जातात.

लहान मुलाने चुकून गमी किंवा ब्राउनी खाल्ली असेल तर घरी थांबायचंच नाही, कितीही ठीक दिसत असलं तरी. लहान मुलांत तीच मात्रा कितीतरी पटीने पडते, मूल गाढ ग्लानीत जातं, श्वास मंदावू शकतो. पाकीट सोबत न्या. आणि ज्याच्या घरी लहान भाचा-पुतण्या येतो त्याने ही असली गोष्ट फ्रिजात ठेवायची म्हणजे काय, मला खरंच राग येतो.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पण बाईक-गाडीची चावी त्याच्याकडे देऊ नका. "मला चढलेलं नाही" असं त्याला वाटत असतानाही रिॲक्शन टाइम मंदच असतो, आणि पाम बीच रोडवर किंवा घोडबंदरला तेवढा अर्धा सेकंद पुरतो.

उलट्या थांबत नाहीत आणि गरम पाण्याने बरं वाटतं

यावर जरा थांबून लिहितो कारण आपल्याकडे हे ओळखलंच जात नाही. वर्ष-दोन वर्षं रोज स्ट्राँग माल घेणारा माणूस, सकाळी मळमळ, मग अचानक एक दिवस उलट्यांचा झटका, दिवसातून पंधरा-वीस वेळा, पोटात पिळवटून येतं. ॲसिडिटीची गोळी, ऑन्डॅनसेट्रॉन, पुन्हा ऑन्डॅनसेट्रॉन, सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल, चार दिवसांनी आपोआप बरं, दोन महिन्यांनी परत. घरचे म्हणतात वडापाव खाल्ला असेल. यातली खूण म्हणजे गरम पाणी. असा माणूस दिवसातून चार-पाच वेळा कढत पाण्याने आंघोळ करतो, गिझर बंद होऊ देत नाही, कारण पाण्याखाली असेपर्यंत मळमळ थांबते.

याला कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम म्हणतात, ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये पहिल्यांदा नीट मांडलं. गांजा तर उलटी थांबवायला देतात मग उलटी कशी होईल, हा प्रश्न रुग्णच विचारतात, आणि त्यामुळे ते मळमळ झाली की आणखी एक जॉइंट मारतात. कमी मात्रेत उलटी थांबते, खूप जास्त आणि खूप काळ झालं की आतडी आणि मेंदू दोन्हीकडची यंत्रणा उलटी फिरते. नेहमीच्या उलटीच्या गोळ्या यावर फारशा चालत नाहीत हे काउंटरवर अगदी स्पष्ट कळतं. हॉस्पिटलात वेगळी औषधं देतात, पोटावर कॅप्सेसिनचं मलम लावतात, मिरचीतलाच घटक तो, गरम पाण्यासारखंच काम करतो.

तुम्ही काय करायचं: ओआरएस घोट घोट चालू ठेवा, पोटात टिकतच नसेल, लघवी कमी झाली असेल, पायात गोळे येत असतील तर सलाइन लागणार आहे, पोटॅशियम पडून किंवा किडनीवर ताण येऊन माणूस खरोखर सिरियस होतो. आणि डॉक्टरला दोन वाक्यं सांगा, "रोज गांजा घेतो" आणि "गरम पाण्याने बरं वाटतं". या दोन वाक्यांनी कित्येक तपासण्या वाचतात. कायमचा उपाय एकच आहे, पूर्ण बंद. कमी करून चालत नाही, आणि बंद केल्यावर बरं वाटायला काही आठवडे लागतात. परत सुरू केलं की परत येतं.

शंका, आवाज, आणि "माझ्यावर नजर ठेवतायत"

हे सगळ्यात कठीण. चढलेलं असताना संशय येणं आणि उतरल्यावरही तो न जाणं यात फरक करायला शिका. रात्री घाबरला आणि सकाळी चहा पिताना नेहमीसारखा आहे, तर तो डोसचा प्रकार. पण दोन दिवस काही न घेता सुद्धा "समोरच्या बिल्डिंगमधून कॅमेरा लावलाय", "सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्याबद्दलच चाललंय", एकटाच हसतोय, कोणाशीतरी बोलतोय, झोपत नाही, आईने दिलेलं जेवण वास घेऊन बाजूला ठेवतोय, तर त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्ट. महिनाभर वाट बघायची नाही.

२०१९ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांचा एक मोठा अभ्यास आला. १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसीचा माल रोज घेणाऱ्यांत सायकोसिस (भास-संशयात खऱ्याखोट्याचं भान सुटणं) होण्याची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट निघाली. डेन्मार्कच्या नोंदींमध्ये असं दिसलं की गांजाने एकदा सायकोसिस झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर निघाला. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे होत नाही, तेही तेवढंच खरं. कोणाला होणार हे आधी सांगता येत नाही, पण सख्ख्या नात्यात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, सुरुवात पंधरा-सोळाव्या वर्षी झाली असेल, आणि रोजचा हायड्रो असेल, तर या माणसाने एकही पफ घेऊ नये असं मी अगदी स्पष्ट म्हणतो. घरात असा आजार असेल तर पोरांपासून लपवू नका हो, "तुझ्या काकाला काय होतं" हे त्याला सोळाव्या वर्षी माहीत असलं पाहिजे.

बोलताना वाद घालू नका ("कुठे आहे कॅमेरा, दाखव!") आणि होला होही करू नका. "तुला भीती वाटतेय ते मला दिसतंय, मला कॅमेरा दिसत नाहीये, पण झोप नाही झाली तुझी, डॉक्टरकडे झोपेसाठी तरी जाऊया," असं. झोपेच्या कारणाने बरेच जण तयार होतात. आणि बाहेरची बाधा समजून उतारा काढण्यात, गावी देवऋष्याकडे नेण्यात दोन-तीन महिने घालवू नका. देवावर श्रद्धा ठेवा, गावी जाऊन या, पण गोळी आधी सुरू करा. उपचार जितका लवकर तितकं पोरगं परत कॉलेजात, नोकरीत जाण्याची शक्यता जास्त, आणि गांजा बंद राहिला तर आणखी जास्त.

घरचे एक विचारतात ते इथेच सांगतो, युरिन टेस्टचं किट. मिळतं, पण टीएचसी चरबीत साठतं, रोज घेणाऱ्याने बंद करून तीन-चार आठवडे झाले तरी पॉझिटिव्ह येऊ शकतं. म्हणजे पोरगं खरंच सोडतंय आणि तुम्ही पट्टी बघून "खोटारडा" म्हणताय असं होतं. डॉक्टरने सांगितल्याशिवाय घरी हा खेळ करू नका.

सोडताना काय होतं

बंद केल्यावर एक ते तीन दिवसांत चिडचिड, घाम, भूक गायब, झोप उडालेली. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, दोन आठवड्यांत बरंचसं ओसरतं, झोप आणि विचित्र खरीखुरी वाटणारी स्वप्नं मात्र महिनाभर त्रास देऊ शकतात. यात जिवाला धोका नसतो, पण घरच्यांना वाटतं "पोरगं अजूनच बिघडलं" आणि नेमकं त्याच आठवड्यात लेक्चर सुरू होतं. तो आठवडा लेक्चर नको. परीक्षा, लग्नकार्य, नोकरी बदल यांच्या मध्ये सोडायची तारीख घेऊ नका. मित्रांचा नंबर, पुडीवाल्याचा नंबर, ग्राइंडर, गोगो (जॉइंट भरायचा कागद), सगळं त्याने स्वतः टाकलं पाहिजे, तुम्ही खोली उलटीपालटी करून काढलंत तर तो दुसरीकडे ठेवेल. तंबाखू मिसळत असेल तर निकोटीनची सोय वेगळी करा, तंबाखू सोडायची राष्ट्रीय हेल्पलाइन १८०० ११ २३५६ आहे. संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ जड जाते, त्या वेळी बाहेर काढा, उपवन तलावाला चक्कर, वाशीचा मिनी सीशोर, खारघरचं सेंट्रल पार्क, कुठेही, फक्त जुन्या कट्ट्यावर नको.

गांजा सोडवणारी खास मान्यताप्राप्त गोळी आज नाही. झोपेसाठी, चिंतेसाठी डॉक्टर थोडे दिवस काही देतात, खरं काम समुपदेशनाने होतं. मेडिकलवाल्याकडे झोपेची गोळी मागायला येऊ नका, प्रिस्क्रिप्शनशिवाय मी देणार नाही आणि जो देतो त्याच्याकडे जाऊ नका, एक सवय सुटून दुसरी लागलेली बघितलीये. आणि महिन्याभराने पाय घसरलाच तर जुन्या मापाने घेतलेला जॉइंट खूप जोरात लागतो कारण सहनशक्ती उतरलेली असते, हे सोडणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

कुठे जायचं

"ठाण्याला पाठवा याला" हा मुंबईचा जुना विनोद आहे ना, त्या विनोदाने लोकांचं खूप नुकसान केलंय. वागळे इस्टेटजवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, सरकारी आहे, तिथे ओपीडी चालते, तपासून गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच संस्था आहे, समुपदेशनासाठी. भरती करून व्यसनमुक्ती हवी असेल तर पुण्याचं मुक्तांगण, १९८६ पासूनचं. घरी बसून बोलायचं असेल तर टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं, फुकट आहे, कधीही लावा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

पोलिसांची भीती खूप जणांना अडवते. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्यात गांजा आणि चरस बाळगणं, घेणं गुन्हाच आहे, हायड्रो असलं तरी तो गांजाच धरतात. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले तर सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या खटल्यातून त्याला सूट मिळते. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. केस आधीच झाली असेल तर वकील गाठा, पण उपचार त्यासाठी थांबवू नका.

पहिल्यांदा ओपीडीला जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून घेतो, काय घेतो, दिवसातून किती वेळा, ओढतो की खातो, तंबाखू-दारू सोबत असते का, शेवटचं कधी घेतलं, झोप किती तास, घरात कोणाला मानसिक आजार किंवा कमी वयात हृदयाचा त्रास होता का. रांगेत नंबर लागेपर्यंत अर्धं विसरायला होतं आणि डॉक्टरकडे वेळ कमी असतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, फिटच्या, रक्त पातळ करायच्या, डिप्रेशनच्या, आयुर्वेदिक सुद्धा, पाकिटांसकट पिशवीत घालून न्या, कारण गांजाचं यातल्या काहींशी जमत नाही आणि "पांढरी छोटी गोळी आहे" यावरून कोणालाच काही कळत नाही.